चार नंबर पिवळं होईना

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. मोजून सात शब्द. "बाबांनी अन्न सोडलंय. यायचं असेल तर ये." पत्ता लिहायला तू याहून जास्त शाई खर्च केलीस.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. पत्राच्या वर काय लिहितात ते विसरलोय, तेव्हा ती जागा कोरी सोडली आहे. तुला हवं ते तिथे धर.

मी येतो. पण बारा तारखेनंतर. बाराला इथे तेल काढायचंय आणि तोवर आमच्या मॅडम (इथलं सगळं त्याच बघतात) कुणाला हलू देत नाहीत. बाराच्या संध्याकाळची बस पकडली की दीड दिवसाचा प्रवास, म्हणजे चौदाला सकाळी दारात. तोपर्यंत बाबांना सांभाळ. म्हणजे सांभाळतेच आहेस, हे मी सांगायला नको होतं. खोडणार होतो, पण खोडलेलं तू उजेडासमोर धरून वाचतेस.

तेल कसलं, विचारशील. शेवाळाचं. हस. घरात मोरीतलं शेवाळ घासायची पाळी आली की मी कुठे गायब व्हायचो ते तुला ठाऊक आहे. आता पगार घेऊन तेच वाढवतो. चार कुंडं आहेत, लांबट गोल, गुडघाभर पाण्याची, मधे एक भिंत आणि एक मोठं चाक. चाक फिरतं, पाणी फिरतं, पाण्याबरोबर शेवाळ फिरतं. बुळबुळीत दोरे नाहीत हं, नुसते ठिपके, एका थेंबात लाखो. सगळं मिळून पाणी हिरवं दिसतं एवढंच. ते गाळायचं, दाबायचं, त्यातून तेल निघतं. पुढे त्यावर गाड्या चालणार आहेत म्हणे. सध्या मालकाचं डोकं चालतंय, तेही कधी बंद पडेल सांगता येत नाही.

माझं काम म्हणजे दिवसातून चार वेळा पाण्याचा नमुना बाटलीत भरणं, कचरा काढणं, चाकात अडकलेली पानं उपसणं, आणि पाखरं हाकलणं. शेवटचं काम जरा कंटाळवाणं आहे. एक लंगडं बदक आहे, ते हाकललं तरी जात नाही. इंजिनकाकांनी (पंप बघतात, घोरतात म्हणून इंजिन) त्याचं नाव 'साहेब' ठेवलंय. काम काही नाही, दिवसभर पाहणी.

कुठलं कुठे गेलो. बाबा काहीच खात नाहीत का? पाणी तरी?

तुझा भाऊ

७ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं लिहितोय, कारण आज एक गोष्ट पाहिली.

आधी हे समजून घे. शेवाळाला खत भरपूर दिलं की ते नुसतं वाढतं. एकाचे दोन, दोनाचे चार. हिरवंगार होतं, पण तेल म्हणशील तर नावापुरतं. तेल हवं असेल तर खत तोडायचं. नायट्रोजन असलेलं खत, बाकीचं नाही. आम्ही दोन तारखेला तोडलं. मग ते वाढायचं थांबतं आणि आतल्या आत तेल साठवायला लागतं. रंग उतरत जातो, हिरव्याचा पिवळा होतो. चांगला पिवळा झाला की काढायचं.

मी मॅडमना म्हटलं, "हे उलटंच झालं की. उपाशी पोटी चरबी कुणाला चढते?"

मॅडम एरवी माझ्याशी तीन शब्दांच्या वर बोलत नाहीत, नमुना आण, झाकण लाव, हात धू. पण त्या दिवशी स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "अंग बांधायला नायट्रोजन लागतो. तो नसला की नवं अंग होत नाही. पण ऊन तर पडतच असतं ना? उन्हातून ते कमावतंच राहतं. कमावलेलं खर्च करता येईना, मग कुठे ठेवणार? तेल करून ठेवतं."

"म्हणजे चांगलंच की. साठतंय तेवढं साठू दे."

"तेवढं साठू देता येत नाही. फार ताणलं की साठवलेलं स्वतःच खातं, मग मरतं. दहा दिवस. अकराव्या दिवसाचा भरवसा नाही."

मग त्यांनी मायक्रोस्कोपमधून दाखवलं. एक रंग घालतात, त्यात तेल चमकतं. काळ्यावर पिवळे थेंब, प्रत्येक ठिपक्याच्या पोटात दोन-दोन, तीन-तीन. मी बराच वेळ बघत बसलो. मागून इंजिनकाका म्हणाले, "बास कर, नजर लागेल."

आणि आज पाहिलेली गोष्ट ही. मॅडमनी मागच्या वेळचं पिवळं पडलेलं पाणी एका बाटलीत ठेवलं होतं. मला वाटलं मेलं. परवा त्यांनी त्यात चिमूटभर खत टाकलं. आज बाटली हिरवी आहे, ताई! दोन दिवसांत! तेल वापरलं, अंग बांधलं, पुन्हा वाढायला लागलं.

म्हणून म्हणतो, धीर सोडू नकोस. चमचाभर काहीतरी पातळ देत राहा. नको म्हणाले तरी ओठांना लावत राहा. सुरू झालं की होतं सुरू.

तुझा भाऊ

११ फेब्रुवारी

ताई,

वाईट बातमी. बाराची तारीख पुढे गेली, वीस झाली.

एक, दोन आणि तीन नंबर पिवळे झाले, जसे हवे तसे. चार नंबर होईना. तेच ऊन, तेच पाणी, त्याच दिवशी खत तोडलेलं. तरी ते आपलं हिरवं, जणू रोज कुणी भरवतंय. मॅडमनी तपासलं, तेल अकरा टक्के. बाकी तिघांत चाळिसाच्या घरात.

मी विचारलं, तीनचं काढून घेऊ, चारचं मागाहून. तर ते होत नाही. तेल काढायचं यंत्र आमचं नाही, भाड्याने ट्रकवर येतं, एका दिवसासाठी. त्याच दिवशी मालकही येणार. चारही कुंडं सारखी पिवळी दिसली तर ही जागा चालू राहणार, नाहीतर टाळं. चार नंबरशिवाय मॅडम ट्रक बोलवायला तयार नाहीत.

"आणि एक-दोन-तीन? अकराव्या दिवसाचा भरवसा नाही म्हणालात."

"तू नमुना आण," म्हणाल्या.

तेव्हा आता बाविसाला येईन. मी काय करू सांग. माझ्या हातात असतं तर आजच निघालो असतो.

इथली खोली बरी आहे. पत्र्याची आहे, पण खिडकीतून चारही कुंडं दिसतात. तीन पिवळी, एक हिरवं. कॉटच्या खाली आधीचा कुणीतरी चपला सोडून गेलाय, माझ्याच मापाच्या. घालवत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

बाबांचा उजवा हात अजून तसाच आहे का? मागे तू शेजारच्या काकूंकडे लिहून ठेवलं होतंस, त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं, की अर्धांगाच्या झटक्यानंतर डाव्या हाताने चमचा धरतात आणि अर्धं सांडतं म्हणून चिडतात. जन्मभर लेथवर केसाएवढ्या मापाचं काम केलेला माणूस. सांडलेलं त्यांना बघवत नसेल. तू सांडलेलं त्यांच्यादेखत पुसू नकोस, मागाहून पुस. हे मी सांगतोय! मी! जाऊ दे.

१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं दुसरं कार्ड काल मिळालं. या खेपेला जास्त शब्द आहेत.

"माणूस म्हणजे शेवाळ नव्हे. बोलणं गेलंय, एकच वाक्य उरलंय. तो जेवला का. मी सांगते, जेवला. विश्वास बसत नाही त्यांचा. घास लावला की तोंड फिरवतात आणि दाराकडे बघतात."

काल दिवसभर मी चाकं साफ केली. चाकं साफच होती. इंजिनकाका म्हणाले, "अरे, झिजतील ती." मग म्हणाले, "घरून काही?" मी म्हटलं, "काही नाही, सगळे मजेत."

तू त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाहीस, मीही नाही. आता बोलतो. तिसरी नोकरी सोडून मी घरी आलो होतो. ताट वाढलेलं होतं. मी अर्धं जेवलो होतो. बाबा समोर, मान वर न करता म्हणाले, "कामाला अर्धा, ताटाला दीड." बस, एवढंच. त्यांना चांगलं वाक्य सुचलं की ते आवरता येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. तू हसली होतीस. मी तुझ्यावर तीन वर्षं रागावलो ते त्या हसण्यावर, बाबांवर नाही. खरं सांगायचं तर मलाही हसूच आलं होतं, पण मी ताटावरून उठलो होतो आणि एकदा उठल्यावर परत कसं बसायचं? तू म्हणालीस, "भरल्या ताटावरून उठू नकोस, बस खाली." बाबा म्हणाले, "उठू दे. भूक लागली की येईल."

तेव्हापासून एक खोड लागलीय. कुठेही जेवायला बसलो की अर्ध्या ताटापर्यंत सगळं ठीक. नंतर घास तोंडात फिरतो. पाच गावं बदलली, सहा खाणावळी, सगळीकडे तेच. लोकांना वाटतं माझं पोट नाजूक आहे. अर्धं ताट मी बाहेर नेतो आणि साहेबाला घालतो. ते लंगडं बदक, लिहिलं होतं बघ. ते आधी एकटं होतं. आता खाणं मिळतं म्हटल्यावर त्याने गोतावळा आणलाय, नऊ जण आहेत. मी येताना दिसलो की सगळे एका रांगेत पाण्यात येऊन उभे. माझी वाट बघणारं तेवढंच कुणीतरी.

बाबांना सांग, तो जेवतो. नाही, सांगू नकोस. मी येऊन त्यांच्या समोर बसून जेवतो. बाविसाला. संपवून दाखवतो. मग बघू कसे तोंड फिरवतात ते. एवढं थांबवून धर त्यांना. सात दिवस.

तुझा भाऊ

१८ फेब्रुवारी

ताई,

सगळं सांगतो. मधे थांबलो तर परत सांगवणार नाही.

आज सकाळी मॅडम चार नंबरच्या कठड्यावर बसल्या होत्या. पाण्याकडे नाही, कठड्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "हे काय आहे?" पांढरे डाग. कठडाभर. मी म्हटलं, पाखरांचं आहे, धुतो.

"धुतोस? कुठे?"

"कुठे म्हणजे? पाण्यातच जातं."

त्या उठल्या. आत गेल्या, कागद घेऊन आल्या. "रोज किती पाखरं असतात? खरं सांग."

"नऊ."

त्यांनी तिथेच बसून आकडे मांडले. नऊ पाखरं, इतके दिवस, प्रत्येकाच्या विष्ठेत इतका नायट्रोजन. वर माझं उष्टं, तेही पाण्यात पडतंच. चार नंबरमध्ये पाणी एका टँकरएवढं. हिशेब जुळला, ताई. अगदी बरोब्बर जुळला. मी त्या कुंडाला रोज दोन वेळा खत घालत होतो. खोलीसमोर चार नंबर येतं म्हणून चार नंबर. एक नंबर समोर असतं तर एक नंबर हिरवं राहिलं असतं.

मला ठाऊक नव्हतं असं मी त्यांना सांगितलं. तुला खरं सांगतो. अकरा तारखेलाच शंका आली होती. तिथल्याच कोपऱ्यात पाणी जास्त हिरवं दिसत होतं. पण पाखरं हाकलली असती तर अर्धं ताट कुठे टाकायचं, हा विचार आधी आला. एवढाच होता विचार.

मला वाटलं, मॅडम ओरडतील. त्या म्हणाल्या, "दहा दिवस उपाशी ठेवून एक गोष्ट मिळवायची होती मला. आठ वर्षांत एकदा." मग म्हणाल्या, "पण तू उष्टं का टाकतोस? इथलं जेवण एवढं वाईट आहे?"

आणि मी बोलून गेलो. ताट, बाबा, तुझी दोन्ही कार्डं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पहिलं कार्ड कधी आलं?"

"चार तारखेला."

"मग तू मला का विचारलं नाहीस? मूर्खा, मी त्याच दिवशी सोडलं असतं."

हेही तुला सांगायचं होतं. मी तुला लिहिलं की मॅडम हलू देत नाहीत. मी त्यांना विचारलंच नव्हतं. एकदाही नाही. दार उघडल्यावर तू काय म्हणशील आणि बाबा काय म्हणतील, हे मी रोज बसून ठरवत होतो, आणि रोज वाटायचं उद्या जास्त चांगलं सुचेल. मी बाबांचाच मुलगा, वाक्य सुचल्याशिवाय हलायचं नाही.

उद्या सकाळी निघतोय. बॅग भरली आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मी तुझ्यासमोर असेन, तेव्हा फाडून टाक.

१९ फेब्रुवारी, सकाळ

ताई,

बस साडेदहाची होती. टपालवाला सव्वानऊला आला.

"पंधराला सकाळी गेले. शेवटपर्यंत तेच विचारत होते. मी सांगितलं, हो, इथेच बसून जेवला, पूर्ण. तेव्हा डोळे मिटले. सगळं उरकलंय. आता यायची घाई नाही."

शेवटची ओळ मी खूप वेळा वाचली. त्यात राग शोधत होतो. राग असता तर मी निघालो असतो.

पंधराला सकाळी. बाराला तेल निघालं असतं तर चौदाला मी दारात होतो. हे तूही मोजलं असशील. नऊ बदकं.

इंजिनकाकांनी बॅग उचलली आणि म्हणाले, "चल, सोडतो स्टँडवर." मी म्हटलं, "घाई नाही." त्यांनी कार्ड वाचलं. त्यांना वाचायला वेळ लागतो, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचतात. मग त्यांनी बॅग परत कॉटवर ठेवली, आणि कॉटखालच्या त्या जुन्या चपला जोडीने नीट लावल्या. का, कुणास ठाऊक.

२३ फेब्रुवारी

ताई,

इथलं संपलं. एक, दोन आणि तीन नंबर एकोणिसाच्या दुपारीच गेले. पिवळ्याचा आधी मळका रंग झाला, मग वर फेस, मग वास. साठवलेलं सगळं खाऊन मेलं. चार नंबर हिरवं आहे, ठणठणीत, आणि त्याचा काही उपयोग नाही. ट्रक आलाच नाही. मालक आले, नाकाला रुमाल लावून पाच मिनिटं उभे राहिले आणि गेले. इंजिनकाका म्हणाले, "तेल गेलं, तूप गेलं," आणि पुढचं म्हटलंच नाही. माझ्याकडे बघून थांबले.

मॅडम आज गेल्या. जाताना एक बाटली हातात दिली, ती पुन्हा हिरवी झालेली. म्हणाल्या, "ठेव. खिडकीत ठेवलीस आणि महिन्यातून एकदा चिमूटभर खत दिलंस तर जगेल." मी म्हटलं, "माझ्या हातून नको." त्यांनी बळजबरी केली नाही. बाटली उघडून चार नंबरमध्ये ओतली आणि गाडीत बसल्या.

मेलेली कुंडं आता मी आणि काका उपसतोय. महिनाअखेरपर्यंतचं काम आहे. पुढे कुठे जाईन ठरलेलं नाही. तुझ्याकडे येत नाहीये. तू घाई नाही म्हणालीस म्हणून नव्हे. आलो तर तू ताट वाढशील आणि समोरची जागा रिकामी असेल.

बाबांची मापाची पट्टी ठेव. बाकी मला काही नको. नाहीतर तीही नको, तुझ्या चष्म्यांच्या दुकानात मापं घ्यायला कामाला येईल.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे आणि ती कुणाला सांगायची हे कळत नाही, म्हणून तुला. आज दुपारी मी आणि काका दोघंच होतो जेवायला. ताट नेहमीसारखं भरून वाढलं. अर्ध्यापाशी घास फिरला, तसाच गिळला. पुढचाही. काका बघत होते. आपलं ताट संपवून हात न धुता तसेच बसून राहिले, माझं होईपर्यंत. बराच वेळ लागला.

मग मी ताट घेऊन बाहेर गेलो. सवयीने. साहेब आणि बाकीचे आठ रांगेत येऊन उभे. ताटात काही नव्हतं. मी ते उपडं करून दाखवलं. तरी ते हललेच नाहीत.

जेवलो, ताई. पूर्ण. तू बाबांना सांगितलंस ते आठ दिवसांनी खरं झालं.